शेवटी बार होणार ना?

टीव्हीवर यायचा राहिलेला धंदा आता शोधून काढावा लागतो. केक करणारे येऊन गेले, सुऱ्या आणि तलवारी घडवणारे येऊन गेले, गहाणवटीची दुकाने आली, बर्फाच्या रस्त्यावरून ट्रक हाकणारे आले. खवळलेल्या समुद्रात खेकडे धरणारे तर इतकी वर्षे येत राहिले की त्यांच्या बोटींची नावे आमच्या घरात पाठ झाली. बंदुका घडवणारेही येऊन गेले, दोनदा. दोन्ही वेळा अमेरिकेत, दोन्ही वेळा डिस्कव्हरीवर, आणि दोन्ही वेळा शेवट काही बरा झाला नाही. तरी माझे आपले मत असे आहे की बंदुकीच्या कारागिरावरचा चांगला कार्यक्रम व्हायला हवा. तसा एक झालेला आहे, पण तो झाला तेव्हा मुंबईत दूरदर्शनसुद्धा यायचे होते.

असे मत देणाऱ्याची पात्रता आधी सांगितलेली बरी. बंदूक या वस्तूशी माझा संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. तेही मला उडवण्यापेक्षा खोलून पाहण्यात जास्त रस होता. घोडा मागे ओढला की आत काहीतरी कुरकुरते, मग अडते, मग चाप दाबला की सुटते. हे ‘काहीतरी’ काय आहे, एवढेच मला हवे होते. टिकलीचा आवाज हा त्या सगळ्याचा शेवट, आणि तो तर शेजारच्या मुलाच्या पिस्तुलातूनही फुकट ऐकू यायचा.

डिस्कव्हरीच्या माणसांना नेमके उलटे वाटत असावे. २०११ साली त्यांनी दोन मालिका काढल्या. ‘सन्स ऑफ गन्स’ लुइझियानातल्या बॅटन रूजच्या एका कारखान्यावर आणि ‘अमेरिकन गन्स’ कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळच्या एका दुकानावर. दोन्हींत एक कर्ता पुरुष, त्याच्या हाताखाली घरचीच माणसे आणि त्यांची आपसांतली धुसफूस. भाग सुरू झाला की एक गिऱ्हाईक येणार, काहीतरी अचाट मागणार आणि तेही मोजक्या दिवसांत मागणार. मालक भुवया उंचावणार. कारखान्यात ठिणग्या उडणार, गिटार वाजणार, कुणीतरी कुणालातरी ओरडणार, जाहिराती होणार. परत येईपर्यंत काम झालेले असते! कानस चालली कधी, माप घेतले कधी, चुकले कुठे, काही कळत नाही. मग सगळे मोकळ्या रानात जाऊन एखादी वस्तू उडवतात आणि एकमेकांच्या हातावर टाळ्या देतात. ज्या कामाला आठवडे लागतात ते जाहिरातीत आटोपायचे आणि जे क्षणात होते ते तीन कोनांतून सावकाश दाखवायचे, अशी ती वाटणी होती.

पुढे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे गोळीबारात मारली गेली आणि त्याच दिवसांत ‘अमेरिकन गन्स’ पुढे चालवणार नसल्याचे वाहिनीने सांगितले. त्या दुकानाचा मालक नंतर परवान्याशिवाय शस्त्रे विकल्याबद्दल तुरुंगात गेला. दुसऱ्या मालिकेच्या नायकाला २०१४ साली फार गंभीर गुन्ह्याखाली अटक झाली आणि तीही मालिका बंद पडली. अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. तिथे बंदुकीचा करमणुकीचा कार्यक्रम आणि बंदुकीची बातमी यांच्यामध्ये रिमोटच्या एका बटणाइतकेच अंतर असते. हे मला कळते, आणि तरी तो कारागीर माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण त्याचे खरे काम फार मजेशीर आहे. लंडनमध्ये पर्डीसारखी जुनी पेढी आहे. तिच्याकडे दुनळी बंदूक सांगितली तर हातात पडायला दोन-दोन वर्षे लागतात. तिथल्या कारागिराच्या बाकावर एक छोटी चिमणी धूर ओकत असते. ती उजेडासाठी नसते, काजळीसाठी असते. पोलादाचा तुकडा त्या ज्योतीवर धरून काळा करायचा, त्याच्या जागी दाबून बसवायचा, काढायचा आणि काळे कुठे लागले ते बघायचे. लागले तिथे उंचवटा. तेवढाच कानसेने घासायचा. पुन्हा काजळी, पुन्हा बसवणे, पुन्हा काढणे. सगळीकडे सारखे काळे लागेपर्यंत हे चालते. अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्यात खटक्याची पट्टी बसवतानाही हीच तऱ्हा. तिथे कानसेऐवजी पटाशी. आपल्याकडे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काजळ लावतात, तिथे दृष्टीला न दिसणारे दिसावे म्हणून लावतात. शेवटी धातू आणि लाकूड यांच्यात काजळीच्या थराएवढी फट उरते, आणि ती फट उरली म्हणून कारागिराचे तोंड उतरते.

मग स्क्रू. चांगल्या जुन्या इंग्लिश बंदुकीवर स्क्रूच्या डोक्यांवरच्या खाचा नळीच्या रेषेत, एका दिशेने पाहत असतात. स्क्रू नेमका घट्ट होतो त्याच क्षणी खाच सरळ यावी, असा तो केलेला असतो. नाहीतर आमच्या घरातली स्विचबोर्डे! एक खाच पूर्वेला, एक आग्नेयेला आणि एक स्क्रू मुळातच नाही. बंदुकीच्या कारागिराकडे स्क्रूड्रायव्हरांची फौज असते, आणि तीही तो स्वतः घासून त्या-त्या खाचेत ठाम बसेल अशी करतो, कारण सैल पाते खाचेचे कान उपटते. बंदूक समोर आली की तो आधी स्क्रूची डोकी बघतो म्हणतात. गिऱ्हाईक सांगत असते, ‘मी काहीच केलेले नाही, आपोआप अडकली.’ आणि स्क्रूची डोकी सांगत असतात की रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, स्वयंपाकघरातल्या सुरीने प्रयत्न झालेला आहे. हे वाक्य घड्याळजींना ऐकावे लागते, मिक्सरवाल्यांना ऐकावे लागते, आणि दातांच्या डॉक्टरांना तर रोजच.

अमेरिकेतल्या गावच्या गनस्मिथचा मोठा पोशिंदा म्हणजे पिशवी घेऊन येणारा माणूस. रुगर कंपनीने १९४९ साली पॉइंट टू-टूचे एक पिस्तूल काढले. स्वस्त, दणकट, नेम सरळ. लोकांनी ते डोक्यावर घेतले. साफ करायला खोलणे जमण्यासारखे होते. परत जोडणे मात्र असे की पुस्तिका वाचून, पिस्तूल उलटे करून, कोनात धरून, आतला एक तुकडा विशिष्ट बाजूला लोंबकळत ठेवून ते करायचे. पुष्कळ सज्जन माणसे शेवटी सगळे तुकडे पिशवीत भरून, मान खाली घालून गनस्मिथकडे गेली. या पिस्तुलाच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या, पिशव्या चालूच राहिल्या. २०१६ साली चौथी आवृत्ती आली तेव्हा कुठे एका बटणावर खोलता येईल अशी सोय झाली. या सदुसष्ट वर्षांत किती गनस्मिथांच्या मुलांच्या शाळेची फी त्या पिशव्यांतून भरली गेली असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

आणि वही! दुरुस्तीला आलेली बंदूक रात्रभर दुकानात राहणार असेल तर तिथल्या कायद्याप्रमाणे तिची नोंद वहीत करावी लागते: कुणाची, कसली, नंबर काय, आली कधी, गेली कधी. रानात टाळ्या देणारा गनस्मिथ दाखवला गेला. चष्मा नाकावर घेऊन वही भरणारा, आणि ‘हा तीन आहे की आठ’ म्हणून नंबरावर भिंग धरणारा गनस्मिथ कुणी दाखवला नाही. मला तो पाहायचा आहे.

आता तो झालेला चांगला कार्यक्रम. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये विल्यम्सबर्ग नावाचे गाव आहे. त्याचा जुना भाग अठराव्या शतकात होता तसा उभा करून ठेवला आहे. तिथे लोहार, सुतार, छापखानेवाले जुन्याच हत्यारांनी काम करत असतात. तिथल्या बंदुकांच्या कारखान्याचा उस्ताद होता वॉलेस गस्लर. १९६९ साली त्याच्यावर ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ नावाचा तासाभराचा माहितीपट निघाला. निवेदन एनबीसीवर बातम्या देणाऱ्या डेव्हिड ब्रिंकलीचे. विषय एवढाच: एक माणूस एक चकमकीची रायफल करतो. पहिल्यापासून करतो, म्हणजे लोखंडाच्या पट्टीपासून.

ती पट्टी भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवायची, एका गजाभोवती वळवायची आणि कडेला कड घणाने जोडत जायचे. एका तापात थोडीच जुळते. पुन्हा भट्टी, पुन्हा ऐरण, इंचाइंचाने. मग आतून भोक सरळ आणि गुळगुळीत करायचे. मग पीळ पाडायचे, आणि इथे मी खुर्चीत सरसावून बसलो. गोळीला फिरकी मिळावी म्हणून नळीच्या आत पिळासारख्या वळत जाणाऱ्या खाचा असतात. त्या पाडायला लाकडाचा एक लांब ओंडका, त्याच्यावर आधीच कोरलेला पीळ, आणि त्याच्या टोकाला दांडीत बसवलेले इवलेसे दातेरी पाते. ओंडका पुढे-मागे ढकलायचा, तो आपल्या पिळाप्रमाणे फिरतो आणि पाते नळीत तोच पीळ उमटवते. एका फेरीत निघते ती धूळ. पाते बोथट लागायला लागले की त्याच्याखाली कागदाचा कपटा सरकवायचा, म्हणजे ते कागदाच्या जाडीएवढे वर येते. पुन्हा ढकला. एक खाच झाली की दुसरी. रायफलीच्या अचूकपणाचा एवढा डंका, आणि त्याच्या बुडाशी कागदाचा कपटा! ते पाहिल्यावर मला आमच्या डुगडुगणाऱ्या जेवणाच्या टेबलाखाली घातलेल्या घडीबद्दलही आदर वाटू लागला.

गस्लर फारसा बोलत नाही. त्याला कुणी घाई करत नाही, त्याची मुलगी रुसत नाही, गिऱ्हाईक दारात उभे नाही. स्प्रिंग घडवतो, तिला पाणी देतो, पितळ वाळूच्या साच्यात ओततो, मेपलच्या फळीतून दस्ता काढतो. माझे डोळे लागले नाहीत. शेजारी बसलेल्या मंडळींचे लागले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

माझी भाची टीव्हीच्या धंद्यात आहे. अंधेरीत कुठेतरी तिचे ऑफिस, आणि कल्पना ऐकून घेणे हे तिचे काम. मी तिला सगळे सांगितले: चिमणी, काजळी, स्क्रूची डोकी, वही, कपटा. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “छान आहे, मामा.” तिच्या धंद्यात छान ही नकाराची पहिली पायरी असते. दुसरी पायरी लगेच आली. “पण शेवटी बार होणार ना?”

मी म्हटले, एकच बार मला मान्य आहे. बर्मिंगहॅमला १८१३ पासून एक प्रूफ हाउस आहे, पार्लमेंटच्या कायद्याने झालेले. बंदूक विकण्याआधी तिची नळी तिथे पाठवायची. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ते ती उडवून बघतात. फुटायचीच असेल तर तिथे फुटेल, गिऱ्हाइकाच्या गालाशी नको. टिकली तर नळीवर शिक्का. कारागिराच्या इतक्या महिन्यांच्या कामाचा निकाल असा बंद दाराआड लागतो, आणि नेम कशावरच धरलेला नसतो.

“दाराच्या आत कॅमेरा ठेवता येईल?” भाचीने विचारले.

“तो माझा मुद्दा नाही.”

“तुझा मुद्दा कळला. पण यात भांडण कुठे आहे? कुणाला काय हवंय आणि कोण आडवं येतंय?”

मी म्हटले, पट्टीला लाकडात बसायचे आहे आणि लाकूड आडवे येते. भाची उठून चहा टाकायला गेली. आतून तिने आणखी एक अडचण सांगितली, आणि ती खरी आहे. हल्ली बंदूक कशी करतात हे दाखवायची चोरी झाली आहे. यूट्यूबने २०१८ मध्येच शस्त्रे बनवायला शिकवणारे व्हिडिओ चालणार नाहीत असा नियम केला. उडवताना दाखवा, घडवायला शिकवू नका. मला यातली काळजी पटते. घरोघरी कुणी गावठी कट्टे करत बसावेत असे मला मुळीच वाटत नाही. पण गस्लरसारखे काम पाहून कुणी बंदूक करायला घेईल ही भीती अनाठायी आहे. नळीची पहिली तीन इंचे जुळेपर्यंत माणूस अहिंसेकडे वळतो.

चहा आला. भांडणच हवे असेल तर आहे, असे म्हणून मी जपानची गोष्ट काढली.

१५४३ साली तानेगाशिमा बेटाच्या किनाऱ्याला एक चिनी जहाज लागले. त्यावर काही पोर्तुगीज होते आणि त्यांच्याजवळ तोड्याच्या बंदुका. बेटाचा तरुण सरदार तोकिताका याने त्यातल्या दोन भलती किंमत मोजून घेतल्या आणि आपला लोहार याइता किनबेई याला म्हणाला, अश्शाच कर. तलवारी घडवणाऱ्या जपानी लोहाराला नळी अवघड नव्हती. अडले ते नळीच्या बुडाशी. तिथले भोक असे बंद हवे की दारूचा दाब सोसेल, आणि असे की साफ करायला उघडताही येईल. पोर्तुगिजांच्या बंदुकीत तिथे मळसूत्र होते, आट्यांचे. ते जपानात कुणी पाहिलेलेच नव्हते. नळीच्या आत आटे पाडायचे कसे? पुढच्या वर्षी पोर्तुगीज जहाज परत आले, त्यावर एक जाणकार कारागीर होता, आणि त्याने ती विद्या दिली. दंतकथा अशी की त्या विद्येच्या बदल्यात किनबेईने आपली वाकासा नावाची लेक पोर्तुगिजाला दिली. दंतकथेत खरे किती ते सोडा, पण विद्या मात्र पसरली. तीसेक वर्षांत जपानी सरदार हजारो बंदुका घेऊन लढू लागले, आणि १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदूकधाऱ्यांनी ताकेदांचे नावाजलेले घोडदळ मोडले.

“मुलगी दिली? एका स्क्रूसाठी?” भाचीने कप खाली ठेवला होता.

“दंतकथा आहे.”

“मामा, ही आधी सांगायची ना!” आणि तिने वही उघडली. बाप लोहार, तत्त्वाचा. मुलगी बोलकी. परदेशी जावई, भाषा येत नाही. सरदार तरुण आहे म्हणतोस, म्हणजे त्याचाही जीव तिच्यावर. सासू लिस्बनला, पण ती आणता येईल. “नाव तर तयारच आहे, मळसूत्र. वरचे लोक त्यात एक अनुस्वार आणि एक ग वाढवायला लावतील, ते आपण आत्ताच गृहीत धरू.”

“आणि आटे कसे पाडले, ते?”

“ते महाएपिसोडला.”

मी म्हटले, यात आपल्याकडचाही एक धागा आहे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, तेव्हा तिथले कारागीर आधीपासूनच बंदुका करत होते. आल्बुकेर्कने आपल्या राजाला कळवले होते की गोव्याचे हे लोक बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात. आणि जपानात पोचलेल्या त्या बंदुकांचा खटका युरोपात त्या वेळी चालणाऱ्या बहुतेक बंदुकांपेक्षा गोवा-मलाक्काच्या घडणीशी जास्त जुळतो, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे किनबेईच्या हातात पडले त्यात मांडवीकाठच्या एखाद्या लोहाराची कानस असण्याचा बराच संभव आहे. त्या लोहाराचे नाव कुठे नाही. त्याने आपल्या स्क्रूसाठी कुणाची मुलगी मागितल्याचेही ऐकिवात नाही.

“गोवा म्हणजे उत्तम,” भाची म्हणाली, “जपानचे बजेट नाहीच आपल्याकडे. तानेगाशिमा आपण वेंगुर्ल्याला करू. बंदुका मिळतील तिकडे?”

बंदुका आहेत, मी म्हटले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचे परवाने जुने आहेत. काजू-आंब्याच्या बागेत माकडे आणि रानडुकरे येतात म्हणून घराघरांत ठासणीच्या बंदुका होत्या, अजून आहेत. तोड्याच्या नव्हेत, पण लांबून खपतील. फक्त परवाना ज्याच्या नावाचा, बंदूक त्याच्याच हातात. म्हणजे सामुराईच्या वेषात बागायतदार स्वतः उभा करावा लागेल, आणि तो दुपारी जेवायला घरी जाईल. दुसरे म्हणजे निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकाल लागल्यावर परत मिळतात.

“मग निवडणूक नसेल तेव्हा शूटिंग ठेवू.”

आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, विधानसभा, लोकसभा. मधे कुठे कुणी राजीनामा दिला तर पोटनिवडणूक.

भाचीने वहीत लिहिले: बंदुका लाकडी. मग म्हणाली, “तिकडे कोण करून देईल?”

मी सावंतवाडीचे नाव सांगितले. लाकडी खेळण्यांसाठी ते गाव पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध आहे, भाजीपाला आणि फळे तर अशी करतात की हात पुढे जातो.

“स्क्रूसकट करतील ना?” तिने विचारले.